अँड्र्यू मेलन (बँकर आणि चित्रसंग्राहक)

अँड्र्यू विल्यम मेलन (24 मार्च 1855 ते 26 ऑगस्ट 1937) हा पिट्सबर्गचा अमेरिकन बँकर, नंतर जवळजवळ 11 वर्षं अमेरिकेचा अर्थमंत्री, आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट ज्याच्या चित्रांवर आणि पैशावर उभी राहिली तो माणूस. किडकिडीत, लाजाळू, बोलणं अगदी मोजकं.

बाप थॉमस लहानपणीच आयर्लंडहून आलेला, वकिली करून जज झाला आणि मग पिट्सबर्गात टी. मेलन अँड सन्स ही घरची बँक काढली, तिचा कारभार 1882 मध्ये अँड्र्यूकडे आला. नुसतं व्याजावर पैसे द्यायचे असा त्याचा हिशोब नव्हता. धंद्यात दम दिसला की कर्ज द्यायचं, सोबत शेअरही घ्यायचे आणि वर्षानुवर्षं बसून राहायचं. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढायची नवी रीत घेऊन आलेल्या एका छोट्या कंपनीला असाच पैसा दिला, तीच पुढे अल्कोआ झाली, आणि टेक्ससच्या तेलातून गल्फ ऑईल.

चित्रांचा नाद लागला तो मित्रामुळे. कोक (दगडी कोळशापासूनचं भट्टीचं इंधन) आणि पोलादवाला हेन्री क्ले फ्रिक आणि हा 1880 मध्ये युरोप फिरून आले. सुरुवातीची खरेदी तशी साधीच होती, दिवाणखान्यात शोभतील अशी चित्रं. लग्न 1900 मध्ये झालं, मुलं दोन, 1912 मध्ये घटस्फोट, तोही बराच गाजलेला.

1921 मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने त्याला अर्थमंत्री केलं, मग पुढचे राष्ट्राध्यक्ष कूलिज आणि हूवरच्या काळातही तोच. श्रीमंतांवरचा सगळ्यात वरचा आयकर 73 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर आणला तो यानेच. 1929 ला शेअर बाजार कोसळून मंदी आली आणि लोकांनी सगळा राग याच्यावर काढला, 1932 च्या सुरुवातीला संसदेत महाभियोगाची मागणी झाली, तेव्हा हूवरने त्याला राजदूत म्हणून लंडनला पाठवून दिलं.

आता खरी मजा. याच मंदीच्या काळात, 1930-31 मध्ये, स्टालिनच्या सरकारला पंचवार्षिक योजनेच्या मशिनरीसाठी परकीय चलन हवं होतं म्हणून त्यांनी लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयातली चित्रं गुपचूप विकायला काढली, आणि घेणारा कोण, तर भांडवलशाही अमेरिकेचा पदावर असलेला अर्थमंत्री! लंडन, बर्लिन आणि न्यूयॉर्कच्या दलालांमार्फत त्याने 21 चित्रं घेतली, सुमारे 66 लाख डॉलरना. व्हॅन आइक, बॉतिचेल्ली, तिशियन, रेम्ब्रां, आणि राफाएलची ‘आल्बा मॅडोना’, जिला एकटीला 11 लाखांवर डॉलर पडले, तोवर कुठल्याही चित्राला एवढी किंमत आली नव्हती. बाहेर मात्र पत्ता लागू दिला नाही, आणि देशात बेकारांच्या रांगा लागलेल्या असताना तो कसा लागू देणार?

हूवरनंतर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर सरकारने त्याच्या 1931 च्या आयकराची फाईल उघडली. 1934 मध्ये ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) फौजदारी खटला भरायला नकार दिला तरी करवसुलीची केस चालूच राहिली, मागणी होती सुमारे 30 लाख डॉलरची. मेलनच्या बाजूचं म्हणणं असं की ही चित्रं आपण ट्रस्टला दान दिलीत, राष्ट्रीय गॅलरी काढायची म्हणून, तेव्हा करात सूट मिळायला हवी. सरकारी वकील म्हणाले, कसली गॅलरी, ही कर चुकवायची पळवाट आहे. गॅलरीचं त्याच्या मनात आधीपासून होतं हे खरं, पण कराचाही फायदा होताच की, दोन्ही एकत्र असू शकतं असं मानायला कुठलीच बाजू तयार नव्हती.

केस चालू असतानाच खरेदीही चालू! जोसेफ डुवीन नावाच्या बेरकी आर्ट डीलरने वॉशिंग्टनमध्ये मेलनच्या फ्लॅटच्या खालचाच फ्लॅट भाड्याने घेतला, उत्तमोत्तम चित्रं मांडली आणि किल्ली त्याच्याकडे देऊन निघून गेला. म्हातारा घरच्या कपड्यातच खाली उतरून चित्रं बघत बसायचा म्हणतात. शेवटी 1936 मध्ये चित्रं आणि शिल्पं मिळून 42 वस्तू घेतल्या, सुमारे 2.1 कोटी डॉलरना.

त्याच डिसेंबरात त्याने रूझवेल्टला पत्र लिहून संग्रह, इमारत आणि कायम निधी देऊ केला, आणि ज्याचं सरकार याच्यामागे लागलेलं त्याच रूझवेल्टने तो घेतला. गॅलरीला आपलं नाव द्यायचं नाही असं मेलनने स्वतःच सांगितलं, आणि ही चाल फार हुशारीची होती, कारण दुसऱ्याच्या नावाच्या गॅलरीला कोण कशाला आपला संग्रह देईल? मेलन ऑगस्ट 1937 मध्ये गेला, गॅलरीचा आर्किटेक्ट जॉन रसेल पोप दुसऱ्याच दिवशी, आणि कर मंडळाचा निकाल त्या डिसेंबरात आला: फसवणूक नाही. कराची थोडी रक्कम भरावी लागली ती वारसांना.

17 मार्च 1941 ला गॅलरीचं उद्घाटन रूझवेल्टनेच केलं. क्रेस, वाइडनर अशा घराण्यांचे संग्रह तिथे आले, मुलगी आयल्साच्या निधीतून 1967 मध्ये लिओनार्दोचं ‘जिनेव्रा दे बेंची’ आलं आणि 1978 मध्ये मुलगा पॉलच्या पुढाकाराने आय. एम. पेईंनी डिझाईन केलेली नवी इमारत शेजारी उभी राहिली.