अंडी उबवणं आणि पिल्लांना पंखाखाली घेणं: घरट्याच्या कॅमेऱ्यात फरक कसा ओळखायचा?

घरट्यावरचा लाइव्ह कॅमेरा कधीही उघडा, बहुतेक वेळा एकच दिसतं: पक्षी बसलाय. खाली अंडी आहेत की पिल्लं, ते पिसांआड. बसणं सारखंच वाटलं तरी कामं दोन आहेत, आणि ती वेगळी ओळखता आली की 'काहीच घडत नाहीये' असे वाटणारे तासही बघावेसे वाटतात.

अंड्यांवरचा पक्षी खोल आणि सपाट बसतो. बसताना अंग डावीउजवीकडे हलवत, पोटाची पिसं सारत तो अंड्यांवर टेकतो. या काळात अनेक पक्ष्यांच्या पोटावर एक जागा उघडी पडते. तिथल्या कातडीत रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि तीच थेट अंड्याला चिकटते. पिसं खरं तर ऊब अडवतात, म्हणून ही सगळी खटपट. मधूनच उठायचं, चोचीने अंडी फिरवायची आणि परत बसायचं.

पिल्लं आली की तोच पक्षी उंच, सैल बसू लागतो. पंख जरा बाजूला सुटलेले, आणि खालून कोणी ढोसल्यासारखं अंग मध्येच हलतं. कोवळ्या पिल्लांना अंगातली उष्णता टिकवता येत नाही, म्हणून त्यांना झाकावं लागतं. ऊन चढलं तर तोच पक्षी उभा राहून पंखांचं छत धरतो. हे काम दिवसागणिक कमी होतं. दाट लव आली की पिल्लं बराच वेळ उघडी राहतात. त्यावर 'आईने टाकलं' म्हणून हळहळणारे दरवर्षी असतातच.

तशीच घालमेल अंड्यांच्या सुरुवातीलाही होते. बहिरी ससाण्याची मादी पहिलं अंडं घालते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून खुशाल उभी राहते. यात हयगय नाही. पुरेशी ऊब मिळेपर्यंत अंड्यातली वाढ थांबलेली असते, त्यामुळे शेवटची अंडी येईपर्यंत थांबलं तर पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर येतात.

कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर व्हॅलीतली जॅकी आणि शॅडो ही बाल्ड ईगलची, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची, जोडी यासाठी बघावी. २०२५ मध्ये जॅकीने २२, २५ आणि २८ जानेवारीला अंडी घातली. पहिल्या दोन अंड्यांत तीन दिवसांचं अंतर होतं, पण पिल्लं ३ मार्चच्या रात्री आणि ४ मार्चच्या पहाटे, काही तासांच्या फरकाने आली. पहिलं अंडं सुरुवातीला पूर्ण उबवलं गेलं नसावं, असाच याचा अर्थ लागतो. तिसरं पिल्लू ८ मार्चला आलं. मग मार्चच्या मध्यावर मोठं हिमवादळ आलं आणि तीनपैकी एक दगावलं. तीन वाढती, वळवळणारी पिल्लं पंखाखाली मावणं तीन अंड्यांइतकं सोपं नसतं.

आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, याच जोडीच्या तीन अंड्यांतून एकही पिल्लू आलं नाही, तरी पिल्लं येण्याची वेळ उलटून गेल्यावरही दोघं बसतच होती. म्हणजे नुसत्या बसण्यावरून आत जीव आहे की नाही, हे सांगता येत नाही. शिवाय एखादं अंडं फुटलंच नाही तर ते पिल्लांसोबत तसंच पडून राहतं आणि पक्षी दोन्ही झाकतो. तेव्हा माझे वरचे ठोकताळेही कोलमडतात.

म्हणून मी बसण्यापेक्षा जेवणाकडे बघतो. जोडीदार मासा घेऊन आला आणि बसलेला पक्षी उठून स्वतःच खाऊ लागला, नाहीतर पाळी बदलून निघून गेला, तर बहुधा खाली फक्त अंडी आहेत. तोच जर माशाचा बारीक तुकडा तोडून, मान वाकडी करून पोटाखाली काहीतरी शोधायला लागला, तर पिल्लू आलंय.