पिंपळ, पेव्हिंग ब्लॉक आणि सांगलीची दुपार

पिंपळ रात्रंदिवस ऑक्सिजन सोडतो, म्हणून नव्या अपार्टमेंटच्या आवारात तोच लावावा, असा संदेश सांगलीच्या गावभागातल्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नुकताच फिरला. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो आणि रात्री झाडही श्वसनासाठी ऑक्सिजन घेते, हे शाळेत शिकूनही हा समज जात नाही. त्यापायी झाडाचे दुसरे मोठे काम, हवा गार करण्याचे, दुर्लक्षित राहते.

पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडताना सुमारे ०.६७ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता शोषली जाते. ती वाफेत सुप्त उष्णता म्हणून दडते, तापमापीवर दिसत नाही. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. मोठ्या झाडाने दिवसात शंभर लिटर पाणी असे सोडले, तर ६७ युनिट उष्णता शोषली गेली. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने तासाला साधारण ५.३ युनिट उष्णता खोलीतून काढतो, म्हणजे हे त्याचे साडेबारा तासांचे काम झाले; शिवाय एसी ती उष्णता, आणि वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता, गल्लीतच ओततो. झाडाचा गारवा मात्र वाऱ्याबरोबर पांगतो, त्यामुळे ‘एक झाड म्हणजे दहा एसी’ ही जाहिरातही खरी मानू नये.

मुळांना पाणी कमी पडले की पर्णरंध्रे मिटतात आणि हे सारे थांबते. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाला पेव्हिंग ब्लॉक इतके चिकटवून बसवले आहेत, की सिमेंटची कड सालीत रुतली आहे. वळवाचे पाणी त्यांवरून थेट गटारात जाते. काळ्या मातीचा चिखल कोणालाच नको असतो, हे मान्य.

जुन्या वाड्याच्या चौकात निदान थोडी माती उघडी असे. वाडा पाडून इमारत उभी राहताना तळमजला खांबांवर मोकळा ठेवणे २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीत शहाणपणाचेच आहे. पण उरलेले आवारही गाड्यांसाठी फरसबंद होते. शेजारच्या चार इमारतींनी मधल्या भिंती काढून मातीचा एक सामाईक चौक राखला, तर झाडाला पाणी, म्हाताऱ्यांना पार आणि मुलांना अंगण एकाच जागेत मिळेल. गाड्यांऐवजी सायकल वापरायची तर सांगली सपाट आहे, चढ आडवा येत नाही; आडवे येते ते मे महिन्यातले ऊन, आणि तिथे गारव्याहूनही सावली अधिक उपयोगी पडते.

कडुनिंबाभोवतीचे ब्लॉक काढायला एक पहार आणि अर्धा दिवस पुरेल. अडचण आहे ती तिथे रोज लागणाऱ्या दोन मोटारसायकलींची, आणि त्यांतली एक माझी आहे.