वनस्पतिजन्य हायड्रोजेल आणि जड धातूंचे निवारण

सेल्युलोज, पेक्टिन, स्टार्च, गवार डिंक अशा वनस्पतिजन्य बहुशर्करांच्या साखळ्या एकमेकींना जोडून तयार केलेले, पाण्यात फुगणारे पण न विरघळणारे जाळीदार पदार्थ. सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम, तांबे, निकेल यांचे आयन ते धरून ठेवतात. तपकिरी समुद्री शैवालातील अल्जिनेटही याच गटात धरतात. काटेकोरपणे पाहता शैवाल वनस्पतीत मोडत नाही.

जड धातूंचे जैविक विघटन होत नाही. चुना घालून त्यांचा साका खाली बसवणे ही रुळलेली पद्धत. पण तिच्यात गाळ फार निघतो आणि थोडा धातू पाण्यात उरतोच. हा थोडासुद्धा घातक असतो: पिण्याच्या पाण्यातील शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे अवघे 10 मायक्रोग्रॅम आहे. हायड्रोजेलचे खरे मोल हा उरलेला अंश टिपण्यात आहे.

अल्जिनेटचे द्रावण सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडले की प्रत्येक थेंबाचा मऊ, पारदर्शक मणी होतो. हे मणी तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवल्यास निळसर होतात. कॅल्शियम बाहेर पडून त्याची जागा तांबे घेते. हा आयन विनिमय. शिसे तर याहूनही घट्ट बसते.

पकड साखळीवरील ऋणभारित कार्बॉक्सिल गटांची असते, म्हणून पाण्याचा सामू (pH, आम्लतेचे माप) निर्णायक ठरतो. आम्लधर्मी पाण्यात हायड्रोजन आयन त्या जागा अडवतात. सामू फार वाढला तर धातूचाच साका होतो. साधारण 5 ते 6 सामू बहुतेकदा सोयीचा. षट्संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात ऋण आयनाच्या रूपात असल्याने अशा जेलला दाद देत नाही. त्यासाठी साखळीवर धनभारित अमाइन गट बसवावे लागतात.

प्रयोगशाळेत एकाच धातूच्या शुद्ध द्रावणात मिळालेल्या आकड्यांवर विसंबू नये. खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सेंद्रिय पदार्थ त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. फुगलेले जेल नाजूकही असते. स्तंभात, म्हणजे पाणी ज्यातून सोडतात त्या उभ्या नळीत, भरल्यावर दाबाने चेपते आणि प्रवाह तुंबतो. यावर उपाय म्हणून त्यात चिकणमाती किंवा सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू मिसळतात.

सौम्य आम्लाने धुतल्यास धातू सुटून जेल पुन्हा वापरता येते, पण दर फेरीला क्षमता घटत जाते. निकामी जेल घातक कचरा म्हणूनच हाताळावे लागते. जाळून राखेतून काही धातू परत मिळवता येतात; पारा आणि कॅडमियम मात्र उष्णतेने वाफेच्या रूपात निसटू शकतात, त्यामुळे धूर शुद्ध करण्याची सोय नसेल तेथे असे जेल जाळू नये.