गर्डर चिमट्याचे स्पिंडल आणि ग्रीसची वाट

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश मोटारसायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे गर्डर फोर्क, पाहिला की नजर त्याच्या दोन पात्यांवर आणि मधल्या स्प्रिंगवर जाते. पण त्या चिमट्याचे आयुष्य ठरते ते चार आडव्या स्पिंडलांवर. पाती वरच्या आणि खालच्या दुव्यांनी स्टिअरिंगच्या डोक्याला जोडलेली असतात, आणि हे दुवे ज्यांच्यावर झुलतात ते हे स्पिंडल. ते झिजले की हँडल डगमगते आणि ब्रेक दाबल्यावर चाक थरथरते.

पहिल्या महायुद्धापूर्वी ट्रायम्फच्या फोर्कमध्ये चाक पुढेमागे झुलत असे, तर ड्रुइड फोर्कमध्ये दोन बाजूंना दोन स्प्रिंगा असत. त्या काळी सांध्यांना तेलाच्या बुधलीतून थेंब सोडणे हेच वंगण होते आणि धुळीच्या रस्त्यावर ते लवकर संपे. पुढे मधल्या एकाच स्प्रिंगचा वेब पद्धतीचा फोर्क रूढ झाला आणि त्याबरोबर दाबाने ग्रीस भरण्याची पद्धतही. ऑस्कर झर्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निपलचे, म्हणजे ग्रीसगन लावायच्या छोट्या तोंडाचे, अमेरिकी पेटंट 1929चे आहे. ब्रिटिश गाड्यांवर टेकालेमिट कंपनीची निपले दिसतात.

निपल आले, तरी मूळ अडचण उरलीच. पूर्ण फिरणारा दांडा वंगण स्वतःखाली ओढून घेतो. हा स्पिंडल मात्र काही अंशांतच मागेपुढे हलतो, भार नेहमी एकाच बाजूला घेतो, आणि त्यामुळे त्या बाजूचे ग्रीस दाबून बाहेर ढकलले जाते. त्यातच अनेक फोर्कांत ग्रीस स्पिंडलमधल्या भोकातून येऊन एका आडव्या छिद्रातून बाहेर पडते आणि सर्वांत सोपी फट शोधते. एका टोकाशी ताजे ग्रीस दिसले की काम झाले असे वाटते, पण दुसऱ्या टोकाचा बुश, म्हणजे स्पिंडल ज्यात हलतो ती छोटी नळी, कोरडाच राहतो. असा स्पिंडल काढून नख फिरवले, तर भाराच्या बाजूला स्पष्ट पायरी लागते आणि पलीकडची बाजू नव्यासारखी गुळगुळीत असते. छिद्रातले जुने ग्रीस तर मेणासारखे घट्ट झालेले असते. ते तारेने कोरून काढल्याशिवाय नवे आत जात नाही.

म्हणून जाणकार टर्नर नवा स्पिंडल करताना त्या आडव्या छिद्रापासून टोकांकडे उथळ खाच काढतात. ही खाच भाराच्या रेषेत काढली तर टेकणारा पृष्ठभागच कमी होतो, म्हणून ती बाजूला हवी, आणि माझ्या मते सगळ्या बदलांत हाच सर्वांत मोलाचा. स्पिंडल साध्या मऊ पोलादाचा करून भागत नाही. पृष्ठभाग कठीण करून ग्राइंड केलेला हवा. नवे ब्राँझचे बुश बसवल्यावर समोरासमोरच्या दोन्ही बुशांतून एकाच वेळी रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार, फिरवावा लागतो, नाहीतर स्पिंडल तिरका धरतो. आडवा प्ले, म्हणजे सैलपणा, लॉकनट सैल करून, स्पिंडल फिरवून घालवतात. खाचेरी कडेचा वॉशर बोटांनी जेमतेम फिरला, की तेवढे पुरे.

व्हिन्सेंटने 1948मध्ये पुढे आणलेल्या गर्ड्रॉलिक फोर्कमध्ये मिश्रधातूची घडीव पाती आणि उसळी आवरणारा हायड्रॉलिक डँपर होता. त्याच्या खालच्या स्पिंडलाच्या टोकांना विकेंद्री (मध्यापासून सरकलेले) भाग देऊन साइडकारसाठी चाकाची भूमिती बदलण्याची सोय केली होती, म्हणजे स्पिंडल हा जुळवणीचा भागही झाला. तोपर्यंत काळ मात्र टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या, फोर्कचा होता: बीएमडब्ल्यूचे आर12 1935चे, मॅचलेसचे जी3एल 1941चे. आरामाच्या गोष्टी अनेक सांगितल्या जातात, पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की या फोर्कमध्ये धक्का शोषणारे तेलच सरकणाऱ्या भागांना वंगण देते आणि मालकाला ग्रीसगन घेऊन वाकावे लागत नाही.

युद्धकाळात मात्र बीएसए एम20 आणि नॉर्टन 16एच गर्डर फोर्कवरच धावल्या, आणि आज जपल्या जाणाऱ्या अशा गाड्यांना पूर्वीइतकेच लक्ष लागते. ग्रीस भरताना पुढचे चाक जमिनीवरून उचलून घ्यावे, म्हणजे भार सुटून दाबलेली बाजू मोकळी होते. मग गन हळूहळू दाबत राहावे आणि स्पिंडलच्या दोन्ही टोकांशी स्वच्छ ग्रीसचे कडे दिसल्यावरच पुढच्या निपलकडे वळावे.