यादीत नसलेली छाती : दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या इजेच्या भरपाईची पार्श्वभूमी

हात तुटला, डोळा गेला, पाय कापावा लागला तर कमाईचे किती नुकसान धरायचे, याचा तक्ता आपल्या कायद्यात शंभर वर्षांपासून आहे. छातीचा नाही. फासळ्या मोडल्या, फुप्फुसाभोवती रक्त साचले, नळी टाकून ते काढले आणि माणूस वाचून घरी आला. पण आता त्याला सोयाबीनचे पोते उचलत नाही, डवरणीत तासभर टिकत नाही, बंधारा चढताना दम लागतो. त्याचे नुकसान कोणत्याही रकान्यात सरळ बसत नाही. विदर्भातल्या खेड्यांत छातीच्या इजेचा दावा एक तर होतच नाही, झाला तर थोडक्यात मिटतो. त्यामागची कारणे कायद्याच्या इतिहासात आणि दवाखान्याच्या कागदांत, दोन्हीकडे आहेत.

१८५५ चा प्राणघातक अपघात कायदा मृतांच्या वारसांपुरता होता. जिवंत राहिलेल्या जखमीला दिवाणी दावा हाच रस्ता होता, आणि त्यात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरावी लागे. रोजमजुराला ते जमणारे नव्हते. १ जुलै १९२४ पासून लागू झालेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने पहिल्यांदा मालकाची चूक सिद्ध करण्याची अट काढली. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे दाखवले की पुरे. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अवयवांची यादी आहे. अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, दुसरा चांगला असताना एक डोळा गेल्यास ४० टक्के. फासळी, उरोस्थी, फुप्फुस यांचा तिथे उल्लेखच नाही. तिसऱ्या अनुसूचीत फुप्फुसाचे आजार आहेत, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही आहे, पण अपघातात दबलेली छाती नाही. अशा यादीबाहेरच्या इजेसाठी कायदा सांगतो की कमाईची क्षमता किती टक्के घटली ते पात्र डॉक्टरने ठरवावे. म्हणजे अंगठ्याचा टक्का छापील आहे, छातीचा टक्का प्रत्येक जखमीला नव्याने सिद्ध करावा लागतो.

हा कायदा विदर्भाला आजही जवळचा आहे, कारण इथले जिनिंग-प्रेसिंग कारखाने हंगामी. ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, कायद्यात हंगामी कारखाने वगळलेले असल्याने १७० किलोची कापसाची गाठ छातीवर आलेल्या कामगाराचा दावा याच कायद्याखाली चालत आला आहे. शेतीपैकी ट्रॅक्टरने किंवा यंत्रशक्तीने होणारे काम त्याच्या यादीत आहे. थ्रेशरवर पेंढी टाकणारा मजूर तिथे बसतो, हाताने निंदण करणारी बाई सरळ बसत नाही. आमच्या मते ही या यादीतली सर्वांत अन्यायाची रेघ आहे. थ्रेशरचे अपघात इतके वाढले की १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा खास त्यासाठी करावा लागला, आणि त्यात मजुराच्या भरपाईची तरतूद आहे. गावात हा कायदा जवळजवळ कोणाला ठाऊक नसतो. २००० च्या दुरुस्तीने ‘हा तर एका दिवसाचा मजूर’ हा मालकाचा जुना बचाव गेला. २००९ च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पण अवयवांची यादी संहितेतही आली आहे.

रस्त्यावरच्या अपघातांची वाट वेगळी. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा केला, तो प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणे आली आणि जखमीची दिवाणी दाव्यातून सुटका झाली. दावा दाखल करण्याची मुदत तेव्हा साठ दिवस होती. १९७० पासून ती सहा महिने झाली, १९९४ च्या दुरुस्तीने पूर्ण उठली आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांवर आली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्यावर विसंबून थांबू नये. सहा महिन्यांत दावा दाखल करावा, कागद मागून जोडता येतात. छातीच्या जखमीला ही मुदत विशेष जाचते, कारण दम कायमचा उणा झाला की नाही हे कळायलाच तेवढा काळ जातो.

१९८२ साली चूक सिद्ध न करता मिळणारी ठरीव रक्कम आली : मृत्यूला १५,०००, कायम अपंगत्वाला ७,५००. १९९४ नंतर ती ५०,००० आणि २५,००० झाली. पण कायम अपंगत्वाची व्याख्या पुन्हा अवयवांचीच होती : दृष्टी, ऐकणे, एखादा अवयव किंवा सांधा, चेहऱ्याची विद्रूपता. छाती इथेही बाहेर राहिली. बदल झाला तो २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. आता कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि ‘गंभीर दुखापती’ला अडीच लाख आहेत. गंभीर दुखापतीचा अर्थ दंडविधानातला घेतला आहे, आणि त्यात हाड मोडणे येते. फासळी हे हाडच. एक फासळी मोडली तरी ती इजा त्या व्याख्येत बसते. अज्ञात वाहनाने उडवल्यास मिळणारी रक्कमही त्याच दिवसापासून गंभीर दुखापतीला १२,५०० वरून ५०,००० झाली. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे जातो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते.

इथे एक सापळा आहे. विमा कंपनीने देऊ केलेले कलम १६४ चे अडीच लाख स्वीकारले की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. फासळ्या बऱ्या होऊन सहा-आठ आठवड्यांत माणूस कामावर गेला असेल तर ही रक्कम घेण्यात शहाणपण आहे. फुप्फुस आक्रसले असेल, दुसरी शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर सही करण्याआधी थांबावे.

मोठ्या दाव्याचा हिशेब न्यायालयांनी घडवला. २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे ते आकडे, ठरवले : ३१ ते ३५ वयाला १६, ४६ ते ५० ला १३, ५६ ते ६० ला ९. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने मृत्यूच्या दाव्यात, चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगाराच्या माणसाच्या उत्पन्नात पुढील वाढीचे ४० टक्के धरायला सांगितले, आणि २०२० च्या पप्पू देव यादव निकालाने ही वाढ कायम अपंगत्व आलेल्या जखमीलाही मिळते हे स्पष्ट केले. छातीसाठी सर्वांत मोलाचा निकाल मात्र २०१० चा राज कुमार विरुद्ध अजय कुमार. शरीराच्या अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतल्या घटीचा टक्का एक नव्हे, त्या माणसाचे काम काय होते ते आधी पाहा, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. फुप्फुसाची तीच घट पटवाऱ्याला थोडी नडेल आणि हमालाला घरी बसवील. अवयवांच्या यादीने बंद ठेवलेले दार या निकालाने उघडले.

आकड्यांत पाहू. ३५ वर्षांचा मजूर, महिन्याची कमाई १२,०००, कमाईच्या क्षमतेत घट २० टक्के. न्यायाधिकरणात १२,००० वर ४० टक्के वाढ धरून १६,८००, गुणिले १२, गुणिले १६, त्याचे २० टक्के म्हणजे ६,४५,१२०. उपचार, वेदना, बुडालेली मजुरी आणि सोबत राहणाऱ्याचा खर्च यांच्या रकमा वेगळ्या. कामगार भरपाईच्या सूत्राने १२,००० चे ६० टक्के, गुणिले ३५ वयाचा गुणांक १९७.०६, त्याचे २० टक्के म्हणजे २,८३,७६६. पण दुसऱ्या वाटेवर कोणाची चूक ते दाखवावे लागत नाही. कामावर असताना वाहनाचा अपघात झाला तर दोन्हींपैकी एकच वाट धरता येते, म्हणून ड्रायव्हरची चूक किती पक्की आहे हे आधी तोलावे.

ती चूक ठरवण्यासाठी फौजदारी खटल्याएवढा पुरावा लागत नाही. ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी भरपाईचा दावा टिकतो, हे १९८० पासून पक्के आहे. इकडे वारंवार दिसणारा प्रकार म्हणजे रात्री रिफ्लेक्टर नसलेली उभी ट्रॉली आणि मागून धडकलेली मोटारसायकल. यात दोघांची चूक वाटून धरली जाते, म्हणून ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे फोटो आणि घटनास्थळ पंचनाम्यात ‘रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही’ ही नोंद त्याच दिवशी हवी. मडगार्डवर बसलेल्याचा विमा सहसा लागत नाही, कारण ट्रॅक्टरला आसन ड्रायव्हरचे एकच. अशा वेळी रक्कम मालकाकडून वसूल करावी लागते. एसटीला विम्याची सक्ती नाही, तिथे थेट महामंडळ प्रतिवादी असते.

आता कागद. छातीचे दावे बहुतेक इथेच पडतात.

ग्रामीण रुग्णालयात पहिल्या दिवशी एक्स-रे निघतो, तो नीट दिसतो, ‘छातीला मुका मार’ असे लिहून दुखीच्या गोळ्या मिळतात. साध्या एक्स-रेत फासळीचे मोड बरेचदा दिसतच नाहीत, विशेषतः हाड सरकलेले नसेल तर. फुप्फुसाचा मुका मार पुढच्या २४ ते ४८ तासांत वाढतो, आणि रक्त काही वेळा कित्येक दिवसांनी साचते. जखमी तिसऱ्या दिवशी धापा टाकत नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला पोचतो, तिथे सीटी स्कॅनमध्ये चार फासळ्या मोडलेल्या निघतात. पण पोलिसांच्या कागदात पहिल्या दिवसाचा मुका मारच राहतो आणि भारतीय न्याय संहितेचे कलम १२५(अ) लागते, जे साध्या दुखापतीचे आहे. सीटीचा रिपोर्ट आणि नवे जखम प्रमाणपत्र घेऊन तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा, गंभीर दुखापतीचे १२५(ब) जोडायला सांगावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. अडीच लाखांचा किंवा पन्नास हजारांचा हक्क गंभीर दुखापतीवर उभा असल्याने हा अर्ज टाळू नये.

पहिल्या दवाखान्याची चिठ्ठी फेकू नये, तिच्यावरचा एमएलसी नंबर, म्हणजे पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीचा क्रमांक, अपघात आणि उपचार जोडतो. गावातल्या डॉक्टरकडे आधी गेले असल्यास त्याचीही चिठ्ठी घ्यावी. मोठ्या दवाखान्यातून नुसते डिस्चार्ज कार्ड न घेता केसपेपरची प्रत मागावी. नळी कोणत्या बाजूला टाकली, किती दिवस होती, किती मिली रक्त निघाले, हे त्यातच असते. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाले तर औषधाची बिले नसतात, पण वेदना, बुडालेली मजुरी आणि कमाईतली घट यांचा हक्क त्याने जात नाही.

तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात फुप्फुसाची फुंकर-चाचणी, म्हणजे पीएफटी, करून घ्यावी. विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो की बिडी ओढत होता का, टीबी झाला होता का. उत्तर चाचणीत असते. बिडीच्या फुप्फुसात हवा बाहेर पडायला अडते, म्हणून पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांचे प्रमाण घसरते. मार लागून आक्रसलेल्या छातीत एकूण हवाच कमी मावते, प्रमाण जवळपास तसेच राहते. शिवाय मोडलेल्या फासळ्यांच्याच बाजूला फुप्फुसाचे आवरण जाड झालेले सीटीत दिसले, तर जुन्या आजाराचा मुद्दा बराच लंगडा पडतो. टीबी खरोखर झाला असेल तर लपवू नये. जुना एक्स-रे असल्यास तो जोडावा, म्हणजे आधी छाती कशी होती ते दिसते.

अपंगत्वाच्या दाखल्यापाशी बरेच जण अडखळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, श्वास कमी पडणे त्यात नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या ऑनलाइन दाखल्यासाठी गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो आणि दावाच संपला असे समजतो. न्यायाधिकरणाला तो दाखला लागत नाही. उपचार करणाऱ्या किंवा छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत लागते, आणि त्या डॉक्टरने साक्षीला येऊन ‘हा माणूस २५ किलो उचलू शकत नाही, उन्हात सलग काम करू शकत नाही’ असे आपल्या तोंडाने सांगावे लागते. डॉक्टर आलाच नाही तर कागदावरचा टक्का न्यायालय कमी करते किंवा धरत नाही. साक्षीचे समन्स वकिलाकडून वेळेवर काढून घ्यावे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतही तीच रचना आहे : मृत्यूला दोन लाख, दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास एक लाख. छातीच्या जखमीला तिथे हात हलवत यावे लागते. त्या नकारावर हताश होऊन चूक करणाऱ्याविरुद्धचा दावा सोडून देणारे खूप आहेत. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

वकिलाची फी हा अडसर असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. अर्जासोबत एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि आधार न्यावे. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा पुढे आला तर वर दाखवलेला गुणाकार स्वतःच्या वयाने आणि मजुरीने आधी करून ठेवावा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते.