दातांच्या एक्स-रेवरून वयनिश्चिती: तपासणी कधी होते, आदेश कोण देतं, कागदपत्रं कोणती?

पोलिसांच्या कागदावर मुलाचं वय 19, आणि घरचे म्हणतात 17. अशा वेळी "दातांची तपासणी करून टाकू" हा सल्ला हमखास मिळतो. कायद्यात मात्र या तपासणीचा नंबर शेवटचा आहे.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 94 मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेने दिलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा परीक्षा मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची ऑसिफिकेशन टेस्ट किंवा वय ठरवणारी दुसरी अद्ययावत वैद्यकीय चाचणी. दातांचा एक्स-रे या तिसऱ्या पायरीत येतो. पहिल्या दोनपैकी काही हाती असेल तर त्याच्या मागे लागा, एक्स-रेच्या नव्हे.

इथे बरेच जण फसतात ते आधारकार्डावर. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. शाळेच्या कागदांतही फरक आहे. ट्रान्सफर सर्टिफिकेट किंवा प्रवेश रजिस्टरचा उतारा म्हणजे कलम 94 ला अपेक्षित असलेलं प्रमाणपत्र नव्हे, असं 2023 च्या एका निकालात म्हटलं आहे. म्हणून मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचं प्रमाणपत्र वेगळं मागून घ्या.

अर्ज कुठे?

मुलावर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळाकडे, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल असेल तर बालकल्याण समितीकडे. खटला दुसऱ्या न्यायालयात चालू असेल तर तिथेही घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचा दावा करता येतो. कलम 9 प्रमाणे तो कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही चालतो. अर्जात कोणते दाखले शोधले आणि ते का मिळाले नाहीत हे लिहा. शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं "नोंद आढळत नाही" असं पत्र असेल तर जोडा. परस्पर खासगी सेंटरमधून काढून आणलेला एक्स-रे या पायरीला पुरत नाही, तपासणी मंडळाच्या किंवा समितीच्या आदेशानेच व्हावी लागते. आदेशापासून 15 दिवसांत ती पूर्ण करायची असते.

तपासणीत काय होतं?

ओपीजी नावाचा एक्स-रे काढतात. त्यात दोन्ही जबडे एकाच फिल्मवर येतात. हनुवटी टेकवून, पुढच्या दातांत छोटी कांडी धरून स्थिर उभं राहायचं, मशीन डोक्याभोवती फिरतं. कानातलं, नथ, गळ्यातलं आधीच काढून ठेवा, नाहीतर धातूची सावली नेमकी दाढेवर पडते. ओळख पटवणारा कागद सोबत असू द्या. आधार चालेल तो इथे.

डॉक्टर बघतात ती दातांच्या मुळांची वाढ. 1973 साली डेमिर्जियन आणि सहकाऱ्यांनी तिचे ए ते एच असे आठ टप्पे मांडले, ते आजही वापरात आहेत. लहान मुलांत एकाच वेळी बरेच दात वाढत असतात, त्यामुळे अंदाज जवळचा येतो. सोळाच्या आसपास बाकीच्या दातांची मुळं पूर्ण झालेली असतात आणि सगळा भार अक्कलदाढेवर येतो. 'जी' या टप्प्यात मुळाच्या भिंती समांतर दिसतात, पण टोक अजून उघडं असतं. 'एच' या टप्प्यात टोक बंद होतं. गंमत म्हणजे 18 चा वाद जिथे पेटतो, तिथेच हा दात सर्वांत लहरी. कुणाची लवकर पूर्ण होते, कुणाची विशीनंतर, आणि काहींना अक्कलदाढ मुळात नसतेच. म्हणून मनगट, कोपर, गळ्याखालचं हाड (कॉलरबोन) यांचे एक्स-रे आणि शारीरिक तपासणीही जोडीला घेतात.

अहवालात जन्मतारीख मिळत नाही, "17 ते 19 वर्षं" असा पट्टा मिळतो. वैद्यकीय अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच नोंदवलं होतं. त्यामुळे अहवालाची प्रत घेताना पट्टा आणि वापरलेली पद्धत दोन्ही लिहिलेली आहेत ना, ते बघा. मंडळ किंवा समिती जे वय नोंदवते, तेच या कायद्यापुरतं खरं वय मानलं जातं. त्या आदेशाविरुद्ध बाल न्यायालयात अपील करायचं असेल तर मुदत 30 दिवसांची आहे.