टेंगूळ उतरल्यानंतर

मूल पडलं, डोक्याला टेंगूळ आलं, दोन दिवसांत उतरलं, विषय संपला. या घरगुती समजुतीला एके काळी वैद्यकाचाही आधार होता. १९३०च्या दशकात मेंदू-संशोधक मार्गारेट केनर्ड यांना माकडांवरच्या प्रयोगांत आढळलं, की मेंदूच्या हालचालींशी निगडित भागाला बालवयात झालेली इजा मोठेपणीच्या इजेपेक्षा बरी भरून येते. 'कोवळा मेंदू लवकर सावरतो' एवढंच त्यातून लोकांनी उचललं. खुद्द केनर्ड इतकं सरसकट बोलत नव्हत्या. पुढच्या दशकात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी उलट बाजू मांडली : लवकर झालेल्या इजेने पुढे शिकायच्या गोष्टींचा पायाच कच्चा राहू शकतो.

डोक्याच्या अशा इजेला 'सौम्य' हा शब्द लागला तो वेगळ्याच वाटेने. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगोत शुद्धी मोजायची पट्टी तयार केली. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय हलवतो का, यावर गुण. पुढे १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य इजा, असं रूढ झालं. पण ही पट्टी त्या वेळची अवस्था सांगते. महिन्याभराने मूल वर्गात लक्ष देईल का, हे ती कसं सांगणार?

खरा वाद पेटला तो कारणावरून : नंतर दिसणाऱ्या तक्रारी माराने आल्या, की आधीपासूनच होत्या? मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा सौम्य मार लागलेल्यांपैकी अनेकांच्या वागणुकीच्या तक्रारी अपघाताआधीपासूनच होत्या, असं दिसलं. धडपडी मुलंच जास्त पडतात, हे आईबापांना सांगायला नकोच! न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला १९७७ साली जन्मलेल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासाने मात्र पारडं पुन्हा हलवलं. लहानपणी सौम्य इजेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत १० ते १३ वयात चंचलपणा आणि लक्ष न लागणं जास्त आढळलं. तपासून घरी पाठवलेल्यांत तसं दिसलं नाही.

म्हणून पुढे तुलनेसाठी हातपाय मोडलेली मुलं घेतली जाऊ लागली : अपघात, धसका, रुग्णालय सगळं सारखं, फक्त डोकं शाबूत. २०१६ साली कॅनडातल्या, डोक्याला मार लागलेल्या ३,०००हून अधिक मुलांच्या अभ्यासात सुमारे ३० टक्क्यांना २८ दिवसांनंतरही त्रास होता. तो कोणाला राहील याच्या खुणांत मारानंतरची डोकेदुखी आणि थकवा होता, तशीच आधीची अर्धशिशीही होती.